अक्काची खुर्ची

अक्का गेली त्या दिवशी मी शाळेत होते. दुसरीचा वर्ग चालू होता आणि टेबलाच्या खणात फोन सारखा गुरगुरत होता. वर्गात असताना मी फोनला हात लावत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच तो थांबेना तेव्हा मी खण उघडला. फोनवर आमचे हे होते, सुट्टी म्हणून त्या दिवशी घरी थांबलेले. मेंढरांच्या वाड्यात चारा टाकताना अक्का कोसळली ती उठलीच नाही, त्यांनी सांगितलं. सकाळी याच बाईनं माझ्या डब्यात करपलेली भेंडी भरली होती आणि वर मलाच दटावलं होतं, "खा गुमान, मास्तरीणबाई." हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी वर्ग शेजारच्या बाईंच्या हवाली केला आणि घरी निघाले, तेव्हा डबा पिशवीत तसाच होता.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला अहोजाहोच करत आले, पण मनात ती नेहमी 'ती'च होती, म्हणून इथंही तसंच लिहिते. तिसऱ्या दिवशी घरची पुरुषमाणसं राख सावडायला गेली. तिथं राखेत अस्थींबरोबर दोन गज निघाले, करंगळीहून बारीक, वीतभरही लांब नसतील, आणि सोबत काही स्क्रू. त्यातले दोन चांगले लांब होते. आगीनं त्यांच्यावर निळसर झाक आली होती, पण वाकला एकही नव्हता. आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य जालन्याच्या एमआयडीसीत, सळ्या बनवणाऱ्या मिलमध्ये गेलं. त्यांनी गज हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "हा आपल्याकडचा माल न्हाई." क्रिया चालवणारे महाराज म्हणाले, धातू अस्थींत चालत नाही, बाजूला काढा. अक्काचा मुलगा दत्ता हातातलं मडकं घेऊन नुसताच उभा राहिला. तेव्हा काठीवर रेललेले आमचे सासरे, आप्पा, बोलले. "इतकी वर्सं तिच्या आंगात हाडाचं काम करून राह्यलं ते. मंग हाडच की. टाका मडक्यात." महाराजांनी मान हलवली आणि गज अस्थींबरोबर गंगेला गेले. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. हे सगळं मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं.

भेटायला येणारी माणसं मात्र एकच शब्द घेऊन येत होती. बिचारी. बिचारीचे फार हाल झाले, बिचारीच्या पाठीत लोखंड होतं, बिचारीला धड बसता येत नव्हतं. पहिले काही दिवस मी ऐकून घेतलं. मग मात्र मला राग यायला लागला. अक्का बिचारी असती तर मला इतकी वर्षं तिच्या हाताखाली जीव मुठीत धरून काढावी लागली नसती. ती काय होती, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि ज्यांना माहीत असून बिचारी म्हणतात त्यांच्यासाठी जरा जास्तच.

मी लग्न होऊन आले तेव्हा हातात डी.एड.चं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात बरीच हवा. आमचं गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडचं. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पुढे शेती आली, कापूस आला, मोसंबीची बाग आली, पण मेंढरं सुटली नाहीत. अक्काचे यजमान, आमचे दादा, वर्षातले कितीतरी महिने कळप घेऊन बाहेर असत आणि मागचं सगळं अक्काच्या अंगावर. ती मंठ्याकडची, शाळा चौथीत सुटलेली, उंच, हाडापेराची भक्कम. पूर्ण वाढलेली मेंढी ती पोत्यासारखी उचलून बाजूला ठेवायची आणि वर माझ्याकडे बघायची, म्हणजे मला काय काय जमत नाही ते न बोलता कळावं. पहिल्याच आठवड्यात तिनं मला भाकरी थापायला बसवलं आणि माझी भाकरी बघून म्हणाली, "ह्यो कुठल्या जिल्ह्याचा नकाशा हाय?" मी रडले नाही, याचा मला आजही अभिमान आहे. मीही मग तिच्या सहीला नावं ठेवायला लागले. आमचं असं चाललं होतं, आणि त्यात कुठंतरी माया होती, पण ती दोघींपैकी कुणी कबूल केली नसती. एक गोष्ट मात्र तिच्याबद्दल कुणालाही कळायची. ही बाई कुणाकडून काही करून घेत नाही. ताप आला तरी स्वतःचं पाणी स्वतः घेणार. दुसऱ्याच्या हातून तिला तांब्यासुद्धा नको असायचा.

त्या उन्हाळ्यात आम्ही नवीन विहीर खोदत होतो. कठडा अजून बांधला नव्हता, काठाला मुरमाचा ढीग होता. खोदणाऱ्या माणसांची भाकरी घेऊन अक्का दुपारी गेली आणि ढिगावरून पाय घसरून सरळ आत पडली. पाणी नव्हतं. खाली उघडा खडक होता आणि ती त्याच्यावर बसल्यासारखी आदळली. मी धावत पोहोचले तेव्हा ती शुद्धीवर होती आणि खालून हुकूम सोडत होती. माणसं तिच्या काखेत दोर बांधायला निघाली होती. "दोर नगा बांधू. बाज सोडा खाली," ती ओरडत होती. मग मुरूम वर ओढायच्या क्रेनला चारही पायांनी बाज बांधली, अक्काला बाजेवर आडवी ठेवली आणि हळूहळू वर घेतली. इथवर सगळं ठीक झालं. पण वर आल्यावर आमच्या लोकांनी ते केलं, जे आमचे लोक नेहमी करतात. कुणी पडलं की त्याला उभं करून बघायचं. रक्त नाही, पाय मोडलेला दिसत नाही, म्हणजे लचक भरली असणार, उभी करा, चालवा, मोकळं होईल. जमलेल्या जाणत्यांनीच तिला बगलेत धरून उभं केलं. ती पांढरीफटक पडली आणि माझ्या अंगावर कलंडली. तिच्या लुगड्यातून लघवी ओघळत होती आणि तिला ते कळत नव्हतं.

घनसावंगीच्या डॉक्टरांनी तिला हात लावला, रक्तदाब बघितला, आणि आधी एक जाड चादर तिच्या कमरेखाली, मांड्या सुरू होतात तिथं, दोघांकडून ओढून घट्ट आवळून घेतली. मग जालन्याला पाठवलं. आत रक्तस्राव होत होता, बाहेर एक थेंब नव्हता. जालन्याच्या हॉस्पिटलमध्ये रक्त हवं होतं, तर आमच्या ह्यांच्या मिलमधली माणसं पाळी संपवून तशीच काळ्या कपड्यांत आली, मराठी, बिहारी, सगळी. एकानं मला विचारलं, "भाभी, कौन है आपकी?" मी म्हणाले, मोठी जाऊ. त्याला जाऊ कळेना. मी म्हणाले, बडी बहन. अक्काला हे पुढे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खोटं बोलायचं असल तर जरा बेतानं बोलावं," आणि तोंड फिरवून बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली.

तिची प्रकृती स्थिर झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. संभाजीनगरहून मणक्याचे एक सर्जनही खास आले होते. ते म्हणाले, पाठीचा कणा म्हणजे घराचा खांब समजा आणि ओटीपोटाच्या हाडांचं कडं म्हणजे जोतं. दोघांच्या मध्ये, माकडहाडाच्या वर, एक त्रिकोणी हाड असतं, ते दोन्ही बाजूंनी उभं चिरलं गेलंय. खांब जोत्यापासून सुटलाय. अंगाचं ओझं पायांत उतरायला रस्ताच राहिलेला नाही. त्यांनी दाखवलं, खालच्या मणक्यांत स्क्रू घालणार, दोन्ही बाजूंच्या खुब्यावरच्या रुंद हाडांत लांब स्क्रू घालणार, आणि दोन गजांनी ते जोडणार, म्हणजे मोडलेल्या हाडाला वगळून भार थेट खाली जाईल आणि ते हाड सावकाश जुळेल. लघवी-परसाकडच्या नसा त्याच हाडातून जातात, त्यांच्यावरचा दाबही काढणार. "चालतील का?" आप्पांनी विचारलं. चालण्याची आशा आहे, डॉक्टर म्हणाले, नसांचं मात्र आत्ता सांगता येणार नाही.

अक्काला मी हे सगळं सांगितलं, लपवलं नाही. ती छताकडे बघत ऐकत होती. चालण्याचं तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "मंदा, मला लोकाच्या हातानं सगळं करून घ्यावं लागल का जनमभर?" मी म्हणाले, माहीत नाही. ती म्हणाली, "मंग डॉक्टरला म्हनावं, बराबर कर. घाई नगं करू." ऑपरेशन पोटावर पालथं झोपवून झालं, सकाळी आत नेलं ते दुपार कलल्यावर बाहेर आणलं. थकलेल्या डोळ्यांनी सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, खांब जोत्यावर बसवला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आप्पा तर खरंच वाकले, त्यांनी मधेच धरलं.

पुढचे आठवडे लिहायला सोपे नाहीत. लघवीची नळी, कूस बदलणं, तिचे कपडे धुणं, सगळं मी केलं. मी रजा काढून राहिले होते. ती माझ्याकडे बघायची नाही. जन्मभर मला हुकूम देणारी बाई माझ्या हाताखाली आली होती आणि याची लाज तिच्यापेक्षा मला जास्त वाटायची. म्हणून मी मुद्दाम तिला छळायचे. म्हणायचे, अक्का, तुमच्या भाकरीचा नकाशा आता मी काढणार. ती हसायची नाही, पण ओठ दाबायची. मग नळी काढून बघायचा दिवस आला. नर्स म्हणाली, जमलं नाही तर पुन्हा घालू, मनाला लावून घेऊ नका. पडदा ओढला. मी बाहेर उभी. बराच वेळ काही नाही... आणि मग आतून अक्काचा आवाज आला, अगदी हळू, "मंदा, झाली." पडद्याच्या आत आम्ही दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो आणि मग इतक्या हसलो की नर्स रागावली. आयुष्यात मी मुलं पास झालेली पाहिली, माझ्या मुलीला नोकरी लागलेली पाहिली, पण त्या शब्दाइतका आनंद मला कशानं झालेला आठवत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं. घोडीला, म्हणजे चार पायांच्या वॉकरला, धरून थोडं थोडं चालायचं, दिवसातून बऱ्याच वेळा ताठ खुर्चीवर बसायचं, बसण्याचा वेळ वाढवत न्यायचा. पण खाली बसायचं नाही, उकिडवं तर बिलकुल नाही. हाड कच्चं आहे, स्क्रू ढिले पडले तर पुन्हा अंथरूण धरावं लागेल. उकिडवं बसायचं नाही म्हणून कमोड बसवला, आमच्या गल्लीतला पहिला. बायका बघायला आल्या, एकीनं तर त्याच्यावर पाण्याची घागर ठेवून बघितली. ते सगळं पार पडलं. अडलं ते खुर्चीवर.

आमच्या घरात सून सासऱ्यापुढे खुर्चीवर, बाजेवर बसत नाही. कुणी सांगितलेलं नसतं, बसत नाही एवढंच. आप्पा ओसरीत घोंगडीवर बसत आणि आम्ही त्यांच्यापुढे असलो तर खाली, भिंतीशी, पदर सावरून. शाळेत मी सरपंचापुढे खुर्चीवर बसून त्यांना पाण्याच्या टाकीवरून सुनावत असे आणि घरी येऊन भिंतीशी बसत असे, त्यात मला कधी काही खटकलं नाही. आता अक्काला फिरायला, बसायला गुळगुळीत फरशी होती ती फक्त ओसरीत, आणि आप्पांचे गुडघे गेलेले, तेही दिवसभर ओसरीत. परिणाम काय झाला, तर अक्का दिवसभर घोडी धरून उभी राहायला लागली. पाय लटपटेपर्यंत उभी, मग आत जाऊन आडवी. मी शाळेतून आले की विचारायचे, बसलात का? "बसले की," ती म्हणायची. एकदा मी लवकर घरी आले आणि बघितलं. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, खुर्ची शेजारी रिकामी, आणि बाई सासऱ्याच्या मानासाठी उभी. माझं डोकं फिरलं. आत नेऊन मी तिला हवं ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "आप्पापुढं खुर्चीवर? माझ्यानं न्हाई होयाचं. तू मला पुन्हा विहिरीत ढकल."

मग मंठ्याहून पाहुणे आले. अक्काचे चुलते, म्हातारी माणसं. घोंगड्या टाकल्या, सगळे खाली बसले. मी स्वयंपाकघरात होते. सगळी वडीलधारी खाली आणि आपण उभ्या, हे तिला सहन झालं नाही, आणि तिनं घोडी सोडून भिंतीला पाठ टेकली आणि घसरत खाली बसली. पाहुणे जायला निघाले तेव्हा तिला उठता येईना. या वेळी मात्र कुणाला उभी करू दिलं नाही मी, फळीवरच घातली. जालन्याला फोटो काढला, एक स्क्रू जागचा किंचित हलला होता. सर्जन चिडले. आमच्यापैकी कुणावर नाही, सरळ आप्पांवर. म्हणाले, "बाबा, मी हाडं जोडू शकतो. घरातल्या रीतीला मी स्क्रू कुठं मारू? पुन्हा खाली बसल्या तर मला काही करता येणार नाही." आप्पांना तोवर काही माहीतच नव्हतं. सून उभी असते हे त्यांनी पाहिलं होतं, पण बायका उभ्या असतातच, त्यात बघायचं काय.

काही दिवसांनी ती पुन्हा घोडी धरून ओसरीत आली. आप्पांनी स्वतः उठून खुर्ची ओढली आणि आपल्या घोंगडीशेजारी ठेवली. "बस." अक्का मान खाली घालून उभी. "बस म्हनलं." ती हलेना. आप्पा म्हणाले, "बरं. तू उभी तर मंग मी बी उभा." आणि काठी टेकून उभे राहिले. ते गुडघे आम्ही रोज तेल लावून चोळत होतो, घोंगडीवरून उठायला त्यांना दत्ताचा हात लागायचा. मी दारात परात घेऊन थांबले होते. दोघंही हट्टी, दोघंही मोडलेले, आणि कुणीच हटेना. आप्पांची काठी थरथरायला लागली. अक्काची नजर त्या काठीवर खिळली होती. "आप्पा, पडताल," ती म्हणाली. "पडू दे. तुझ्या डॉक्टरकडं बसवून घेऊ." शेवटी ती खुर्चीच्या काठावर टेकली, मग जरा मागे सरकली. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. आप्पा खाली घोंगडीवर बसले आणि त्यांनी काहीच झालं नाही अशा आवाजात विचारलं, "मोसंबीला पाणी दिलं का आज?"

अक्का चालायला लागली. आधी घोडी सुटली, मग काठी. वर्षानंतरच्या मोठ्या तपासणीला माझ्याकडे परीक्षा होत्या आणि दादा कळपाबरोबर होते, म्हणून आप्पाच तिच्यासोबत जालन्याला गेले. परत आल्यावर म्हणाले, हाडं जुळली, गज काढायचं डॉक्टर म्हणत होते, पण ही नको म्हणाली. "आता ते माझेच हायेत," अक्का म्हणाली. खुर्चीचं कुणी काही बोललं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ती ओसरीत आप्पांच्या शेजारी राहिली आणि अक्का तिच्यावरून घर चालवत राहिली. मी तिला महाराणी म्हणायचे. रागावायच्या ऐवजी ती पाय जरा पुढे सोडून बसायची.

एवढ्यावर ती थांबली असती तर अक्का कसली. त्या सर्जनांकडे कुणी अशीच पेशंट आली, कापूस वेचणाऱ्या बायकांचा टेम्पो उलटून, गाडीवरून पडून, की ते सांगत, एका बाईंना भेटा. माणसं आमच्या ओसरीत यायची. अक्का उठायची, फरशीवरून त्यांच्यासमोर ताठ चालत जायची, वळायची, परत यायची आणि म्हणायची, "बघितलं?" कधी ती स्वतः जालन्याला जायची आणि वॉर्डात पडलेल्या, नवख्या, घाबरलेल्या सुनांशी नळीबद्दल, लघवीबद्दल असं उघड बोलायची की त्यांच्या सासवा बाहेर जायच्या. माझ्या शाळेतही तिनं मला एक धडा घ्यायला लावला. कुणी उंचावरून पडलं तर उभं करून बघायचं नाही, फळीवर सरळ सरकवायचं, चादर करदोड्याच्या खाली, मांड्यांवरून घट्ट आवळायची. "पडलेल्या माणसाला उभं करून बघायला तो काय खुट्टा हाय का," असं ती पोरांना सांगायची आणि पोरं हसायची. पण ती पोरं आज मोठी झाली आहेत, आणि आमच्या गावात आता पडलेल्याला कुणी उभं करत नाही. हे तिनं केलं. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या जावेनं.

एकदाच मी तिच्यावर खरी ओरडले. शेतात मेंढी अडली होती. मी गेले तर अक्का जमिनीवर मांडी घालून बसलेली, कोपरापर्यंत हात भरलेले, मांडीवर ओलं कोकरू. स्क्रूचं काय, डॉक्टरांचं काय, अक्कल कुठं आहे, असं सगळं बोलून झाल्यावर तिनं नुसतं वर बघितलं. "एकदा बसलं तर काय व्हतंय, मास्तरीण. घरी कुणाला सांगू नगस." मी सांगितलं नाही. तिच्या हट्टीपणात आणखी एक भर, असं मनात म्हणून सोडून दिलं.

तेरावा झाला, पाहुणे गेले, घर एकदम मोठं वाटायला लागलं. माझी शाळा पुन्हा सुरू झाली होती. शाळेतून आल्यावर मी ओसरीत आप्पांना चहा घेऊन गेले. ते घोंगडीवर होते, शेजारी खुर्ची. मी चहा ठेवला आणि नेहमीसारखी भिंतीशी खाली बसले. आप्पा म्हणाले, "वर बस." मला वाटलं, त्यांना भान राहिलं नाही. मी म्हणाले, "आप्पा, तिथं अक्का बसायच्या. मला कुठं काय झालंय?"

"तिला तरी कुठं काय झाल्तं," आप्पा म्हणाले. "वर्साच्या तपासणीला गेल्तो ना आमी, तवाच डॉक्टर म्हनले, हाड पक्कं झालं, आता खाली बसायला हरकत न्हाई. ती बाहेर येऊन मला म्हनली, आप्पा, उद्यापासून मी खाली बसते. मी म्हनलो, न्हाई बसायचं. घरात कुणाला सांगायचं बी न्हाई."

"का?" मी विचारलं.

"ती खाली बसत व्हती तवा इतक्या वर्सात माझ्यासंगं मान वर करून बोलली न्हवती, मंदा. हो म्हनायची, जी म्हनायची. खुर्चीवर बसली अन् तोंडाकडं बघून बोलायला लागली. भांडायला लागली. माझं चुकलं तर चुकलं म्हनायला लागली. मला या ओसरीत बोलायला मानूस घावलं..." त्यांनी डोळे पुसले, आमच्या घरातल्या पुरुषांना मी तसं कधी करताना पाहिलं नव्हतं. "ते मी परत खाली बसवायचं व्हतं व्हय?"

मग त्यांनी काठीनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी उठले. इतक्या वर्षांची भिंत पाठीला होती, ती सोडून मी खुर्चीच्या काठावर टेकले, मग जरा मागे सरकले. पदर कुठं घ्यावा ते कळेना. आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि माझ्या तोंडाकडे बघून, या घरात पहिल्यांदाच, मला विचारलं, "मंग, आज शाळेत काय शिकवलंस?"